डाव्या सीटवरचं वजन

"गाडीत किती माणसं आहेत, सर?"

"एकच. मी. तू कोण?"

"आपत्कालीन मदत केंद्रातून हेरंब बोलतोय. आपल्या गाडीला अपघात झाल्याची सूचना आली आहे. आपल्याला कुठे लागलंय का?"

"ते राहू दे. हा फोन कुणी लावला?"

"गाडीने, सर."

आपल्या गाडीने आपल्याला न विचारता परस्पर कुणाला तरी फोन करावा, हे पचायला वेळ लागतो. ज्याच्या घरात त्याला विचारल्याशिवाय कोणी पाणी पीत नाही, अशा माणसाला जरा जास्तच.

"बंद कर," तो म्हणाला.

"अपघाताचा कॉल गाडीतून बंद होत नाही, सर. आमच्याकडूनच होतो."

"मग तू बंद कर."

याला आठ-नऊ वर्षं झाली. मी तेव्हा हिंजवडीतल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर कानाला हेडफोन लावून बसत असे. त्याआधी सात वर्षं एका साप्ताहिकात लोकांची वाक्यं दुरुस्त करत होतो. साप्ताहिक बंद पडलं, वाक्यं तशीच राहिली आणि मी इथे आलो. इथे वाक्यं आधीच दुरुस्त करून, छापून, टेबलावर चिकटवलेली होती. ती फक्त वाचायची.

काम साधं होतं. महागड्या गाड्यांच्या छताला, आरशाच्या वर, एक लाल बटण असतं. ते दाबलं की फोन आमच्याकडे येतो. एअरबॅग फुटली तर बटण दाबायचीही वाट न बघता गाडी स्वतःच फोन लावते. बोलणं सुरू होण्याआधी ती एक छोटी चिठ्ठी पाठवते: मी कुठे आहे, कुठून धडक बसली, वेग किती होता, कोणत्या सीटवर वजन आहे, कुणी पट्टा लावलाय. लोकांना वाटतं, वरून उपग्रह आपल्याकडे बघतोय. उपग्रहाला कुणाचं काही पडलेलं नसतं. तो नुसती वेळ सांगत फिरतो. चार-पाच उपग्रहांची वेळ ऐकून आपण कुठे आहोत ते गाडीच शोधून काढते आणि तुमच्या-माझ्या मोबाइलमध्ये असतं तसल्याच एका सिमकार्डावरून आम्हाला कळवते. आवाजही त्याच सिमवरून येतो. छतात माइक असतो. कॉल चालू असेपर्यंत गाडीत जे बोललं जातं ते सगळं आम्हाला ऐकू येतं. नवरा-बायकोच्या भांडणात धडक कोणत्या वाक्यावर बसली, हे मी कित्येकदा अचूक सांगू शकलो असतो. कोणी विचारलं नाही.

माझ्या पडद्यावर त्या दुपारी पावणेतीनला आलेली चिठ्ठी अशी होती: कराड तालुका, भैरववाडीच्या अलीकडचा ओढा. गाडी रस्ता सोडून पुलाच्या कठड्याला. धडक समोरून. वेग बावन्न. दोन्ही एअरबॅग फुटल्या. इंधन आपोआप बंद. उजवी सीट: वजन आहे, पट्टा लावलेला. डावी सीट: वजन आहे, पट्टा लावलेला. मालक: सुभाष जगन्नाथ डुबल.

"डुबल सर, आपल्या डाव्या बाजूला कोणी बसलंय का?"

"सांगितलं ना, एकटाय."

"पडद्यावर तिथे वजन दिसतंय, सर."

"पोतं आहे. तांदळाचं."

"पोत्याला पट्टा लावलाय?"

"क्लिप आहे ती. दोन्हीकडं क्लिप घातलीय. ते टुंग टुंग वाजतं ना सारखं. मी काय पट्टा लावतो का? नाक फुटलंय माझं, बघ. बघ म्हणजे, तुला काय दिसतंय डोंबल."

हे खोटं वाटण्याचं काही कारण नव्हतं. अशी क्लिप कुठल्याही गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मिळते. पट्ट्याच्या खाचेत नुसती पट्ट्याची जीभ खुपसायची. गाडीला वाटतं माणूस सुरक्षित आहे, माणसालाही वाटतं. आणि डाव्या सीटवर काय काय बसतं याचा मला दांडगा अनुभव होता. कांदे, गॅसची टाकी, आमरसाचं पातेलं. गणपतीच्या आदल्या दिवशी तर आमच्याकडे निम्म्या गाड्यांच्या डाव्या सीटवर पंधरा-वीस किलोचे, पट्टा लावलेले, शांत प्रवासी असत.

"सर, आपल्याला लागलंय म्हणता. मी रुग्णवाहिका पाठवतो."

"नको."

"नियमाप्रमाणे मला पुन्हा विचारावं लागतं. आपल्याला वैद्यकीय मदतीची—"

"ए पोपट. नको म्हटलं ना? तुझ्यासारखी दहा पोरं माझ्या गोडाऊनवर सिमेंटची पोती उचलतात. बंद कर फोन."

मी एकेचाळीस वर्षांचा होतो. त्यातला 'पोरं' हा शब्द मला आवडला. 'पोपट' मात्र लागला. शिव्या आम्हाला रोज पडत, त्यांची सवय होते. पण खरी गोष्ट कोणी सहज बोलून गेलं की त्रास होतो. टेबलावर चिकटवलेला कागद माझ्यासमोरच होता.

माझ्या खांद्यामागे रेवती मॅडम येऊन उभ्या राहिल्या. आमच्या टीम लीडर, वय सव्वीस. त्या दुसरा हेडफोन लावून सगळं ऐकत होत्या.

"कस्टमरने दोनदा डिक्लाइन केलंय, हेरंब. क्लोज कर."

नियम तोच होता. ग्राहकाने दोनदा नको म्हटलं की कॉल बंद. ग्राहक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी. बाकी गाडीत जे काही असेल ते वजन.

"एक मिनिट, मॅडम."

"सहा मिनिटं झालीत. तुझी सरासरी बघितलीस का?"

मी तो कॉल का चालू ठेवला, याची नंतर बरीच चांगली चांगली कारणं माझ्या तोंडी घातली गेली. तेव्हा एकच होतं. या माणसाला फोन बंद व्हायला हवा होता आणि तो बंद करायचं बटण माझ्याकडे होतं.

"डुबल सर, गाडी सुरू होतेय का बघा."

त्याने चावी फिरवल्याचा आवाज आला. मग स्टिअरिंगवर हात आपटल्याचा.

"धडक बसली की इंधन बंद होतं, सर. आग लागू नये म्हणून."

"आधी का नाही सांगितलं?"

"आपण विचारलं नाहीत."

"बॅटरीची वायर काढली तर तुझं तोंड बंद होईल ना?"

"नाही सर. मला वेगळी बॅटरी आहे. अर्धा तास चालते."

रेवती मॅडमनी माझ्या खुर्चीला मागून पाय लावला. पलीकडे दार उघडलं. तो खाली उतरला असावा, कारण आवाज थोडा लांब गेला. स्वतःच्या मोबाइलवरून तो कुणाशी तरी बोलत होता. छतातल्या माइकला उघड्या दारातून तुकडे ऐकू येत होते.

"...अरे दुसरी गाडी घेऊन ये... ओढ्यावर, ओढ्यावर... साडेतीनचा नंबर आहे आपला... वकिलाला म्हणावं, साहेबाला चहा पाज, गुंतवून ठेव... नाही, बाकी सगळं ठीक आहे, उचलून घालू..."

तेवढ्यात पडद्यावर डाव्या सीटची ओळ लाल झाली. पट्टा निघाला. दोन सेकंदांनी पुन्हा हिरवी. पट्टा लागला.

"मॅडम, बघितलंत?"

"लूज असेल. क्लिपच आहे ना ती."

"सैल क्लिप निघेल. परत लागणार नाही."

आम्ही दोघंही पडद्याकडे बघत बसलो. पुन्हा लाल. पुन्हा हिरवी. एकदाच. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदाच.

मी माइक जवळ ओढला आणि आवाज खाली आणला.

"गाडीत डाव्या बाजूला कोणी आहे का?"

उत्तराऐवजी लांबून डुबलचा आवाज येत होता. माइकला आणखी एक आवाज येत होता, तो मी आधी गाडीचाच समजलो होतो. घरघर होती. सिमेंटवाल्याचं तांदळाचं पोतं श्वास घेत होतं.

"बोलता येत नसेल तर हरकत नाही. तुम्ही पट्टा काढता-लावता ते मला इथे दिसतंय. तुम्ही माणूस असाल तर पुन्हा काढून लावा."

हे वाक्य टेबलावरच्या कागदात नव्हतं. रेवती मॅडमनी कागदाकडे बघितलंही.

लाल. हिरवी. एकदा.

"तुम्हाला लागलंय का?"

लाल. हिरवी. एकदा. मग थांबून पुन्हा एकदा. हे हो होतं की नाही, मला कळेना. मला वाटलं, हात कापत असेल.

"मी रुग्णवाहिका पाठवू का?"

या वेळी वेगळं झालं. लाल-हिरवी, लाल-हिरवी. लागोपाठ दोनदा, चटचट, जराही न अडखळता. हात कापणाऱ्या माणसाचं ते काम नव्हतं.

रेवती मॅडमनी हेडफोन काढून हातात धरला. "सबस्क्रायबर नको म्हणतोय, हेरंब. त्याने कम्प्लेंट केली तर मी तुझ्या बाजूने बोलू शकणार नाही. मी आत्ताच सांगते."

"सांगा."

मी शेजारच्या ओळीवर एकशे आठला फोन लावला आणि ओढ्याचा पत्ता दिला. पुलाच्या कोणत्या बाजूला, कठड्यापासून किती मीटर, सगळं. उपग्रहांचे एवढे उपकार असतात. तिकडच्या बाईंनी विचारलं, "पेशंट काय आहे?" मी म्हटलं, "वयस्कर असावा. बोलत नाही. श्वासाला घरघर आहे." मग पोलिस ठाण्याला कळवलं. तिथल्या हवालदारांनी नाव ऐकून विचारलं, "सिमेंटवाले डुबल? त्यांनी स्वतः फोन नाही केला?" मी म्हटलं, "गाडीने केला." ते म्हणाले, "बरं."

डुबल परत आला. दार आपटल्याचा आवाज झाला.

"अजून चालूच का रे तू?"

"रुग्णवाहिका निघाली आहे, सर. बारा-पंधरा मिनिटांत पोहोचेल."

"कुणाला विचारून?"

"डाव्या सीटला."

मग जे ऐकलं ते मी जसंच्या तसं लिहीत नाही. त्यात माझी आई होती, कंपनीचे मालक होते, आणि पुण्यात येऊन मला कुठे कुठे शोधलं जाईल याची यादी होती. अधेमध्ये तो दुसऱ्याच कुणावर तरी ओरडू लागला. पडद्यावर ती ओळ लाल झाली आणि तो किंचाळला, "हात काढ तिथनं! काढ हात!"

मी दोन सेकंद थांबलो. एवढी चैन मी आयुष्यात फार थोड्या वेळा केली आहे.

"पोत्याला हात आहेत का, सर?"

पलीकडे फक्त घरघर राहिली.

मग तो म्हणाला, आणि या वेळी आवाज अगदी खाली होता, "वडील आहेत माझे. त्यांना काय कळत नाही. झटका येऊन गेलाय. वाचा गेलीय, उजवी बाजू गेलीय. त्यांना दवाखान्यातच नेत होतो."

"मग बरंच झालं, सर. दवाखानाच येतोय."

पंधराव्या मिनिटाला सायरन ऐकू आला. एका बाईचा आवाज आला, डॉक्टर असाव्यात: "आजोबा, मला बघा. ह्यांना पुढं कशाला बसवलं? बरगडी गेलेली दिसतेय. तुम्ही व्हा बाजूला. नाही, आधी दवाखाना. तुमचं जे काय साडेतीनचं असेल ते असू दे." मग पट्टा शेवटचा निघाला. डावी सीट: वजन नाही. मी बटण दाबलं. एकतीस मिनिटं. चौथ्या मजल्यावरचा तो विक्रम होता, अजूनही असेल.

तक्रार आली. दुसऱ्या आठवड्यात मला पत्र मिळालं. त्यात मी ग्राहकाच्या स्पष्ट इच्छेविरुद्ध वागलो, असं लिहिलं होतं. वाक्य शुद्ध होतं, दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. रेवती मॅडमनी सांगितल्याप्रमाणे माझी बाजू घेतली नाही. लिफ्टपर्यंत सोडायला मात्र आल्या.

महिन्याभराने मला एका बाईंचा फोन आला. शालन पाटील, जगन्नाथ डुबलांची मुलगी. कंपनीत फोन करकरून तिने माझा नंबर काढला होता. "दादा, तुम्ही माझ्या वडिलांना वाचवलंत. एकदा येऊन जावा. मला तुमच्या पाया पडायचंय." मला नोकरी नव्हती. पाया पडून घ्यायला वेळ होता.

कराडला तिच्या घरी गेलो. स्वच्छ, दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खाटेवर म्हातारा उशांना टेकून बसला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. डाव्या हाताशी स्टुलावर स्टीलचा पेला आणि चमचा. डोळे मात्र चांगलेच चालू होते. त्यांनी मला पायांपासून वरपर्यंत तपासलं. ही माझ्या ओळखीची नजर होती, पण कुठली ते आठवेना.

"एसटीत कंडक्टर होते," शालनताई म्हणाल्या. "एकतीस वर्षं. वाचा गेली तरी घंटी सुटली नाही बघा. एक टोला म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला. जेवताना भात बास झाला की एक. गादीवरून उठवायचं असलं की दोन. आम्हाला सवय झालीय."

मी चहाचा कप खाली ठेवला. भैरववाडीच्या ओढ्यावर ते मला हो-नाही काहीच सांगत नव्हते. एक, मग थांबून एक, मग पुन्हा एक. ते गाडी थांबवत होते. बंद पडलेली, कठड्याला धडकलेली गाडी.

"कुठे नेत होते त्यांना?"

"रजिस्टार हापिसात की. साडेतीनचा नंबर लावलेला. सगळी जमीन आणि घर सुभादादाच्या नावावर बक्षीसपत्र. आता सही येत नाही म्हणून अंगठा. पुरुषांचा डावाच लागतो ना, आणि बाबांचा तेवढाच चालतोय." तिने वडिलांच्या डाव्या हातावरून हात फिरवला. "त्याच अंगठ्यानं त्यांनी पट्ट्याचं बटण दाबलं बघा. देवानं तेवढा एक ठेवला होता."

मला गहिवरून आलं. मी कंपनीचं पत्र, रेवती मॅडम, सगळं तिला सांगितलं. तिने तोंडावर पदर धरला. चिवड्याची बशी पुन्हा भरली. "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो, दादा." मी नको नको म्हणत ते ऐकून घेतलं.

मग तिने आतून एक फाइल आणली.

"आता आमचं असं ठरलंय, सुभादादानं असा प्रकार केल्यावर, की सगळं माझ्याच नावावर करायचं. मीच बघतेय ना बाबांचं. रजिस्टार साहेब येणार आहेत उद्या घरीच, आजारी माणसासाठी येतात ते. कागदावर दोन साक्षीदार लागतात. एक शेजारचे सर आहेत. मी म्हटलं, दुसरे तुम्हीच पाहिजे. बाबांचा तुमच्यावर जेवढा विश्वास तेवढा कुणावर असणार?"

स्टुलावर चमचा पेल्यावर वाजला. एकदा.

"त्यांना विचारलंत?" मी म्हणालो.

"विचारलं की. त्यांनाच तर करायचंय." ती हसली. "बाबांना कळतंय सगळं."

पुन्हा एकदा. मग थांबून पुन्हा एकदा.

"पाणी पाहिजे असेल," ती म्हणाली आणि पेला त्यांच्या ओठाला लावला. त्यांनी ओठ मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून खाली आलं. तिने ते पदराने प्रेमाने टिपलं. पेला धरायला त्यांनी हात पुढे केला तेव्हा मला अंगठा दिसला. त्यावर जांभळी शाई होती, धुऊन फिकट झालेली. कोणीतरी आधी करून बघितलं होतं.

मी इकडेतिकडे पाहिलं. इथे पडदा नव्हता, चिठ्ठी नव्हती. शेजारच्या ओळीवर लावायला नंबर नव्हता. शालनताईंनी फाइल माझ्या मांडीवर उघडली, पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. चहा आल्याचा होता. चिवड्यात काजू होते. त्या घरात मला कोणी पोपट म्हटलं नाही.

मी सही केली.

दारात चपला घालताना मागून पेला वाजला. लागोपाठ दोनदा, चटचट, जराही न अडखळता.

मी निघालो.